तडीपार झालेला पाळक
रॉजर विल्यम्स यांचें चरित्र

तडीपार हा शब्द आपल्या खेडोपाडीं सर्वांस ठाऊक आहे. तड म्हणजे नदीचा कांठ. ज्यास कांठापलीकडे घालवून दिलें तो तडीपार. ही शिक्षा फार प्राचीन आहे. काइनास आपली भूमि सोडून भटकावें लागलें. मोशेच्या नियमशास्त्रांत, ज्याच्या हातून चुकून मनुष्यवध घडला त्याच्यासाठीं सहा आश्रयनगरें नेमून दिलीं होतीं. वृद्ध योहान पात्म बेटावर हद्दपार होता. आपल्या देशांतहि इंग्रजी अमलापासून काळ्या पाण्याची शिक्षा होती. ती कायद्याच्या पुस्तकांतून १९५६ सालीं काढून टाकण्यांत आली.

ह्या शिक्षेविषयीं आपण बहुधा एकच प्रश्न विचारतों, तो हा कीं, ज्यास घालविलें तो अपराधी होता कीं निरपराधी. परंतु दुसराहि एक प्रश्न आहे. तो मनुष्य ज्याच्या दारीं जाऊन उभा राहिला त्यानें त्याचें काय केलें? आज आम्ही वाचकांपुढें ज्यांचें चरित्र ठेवीत आहों त्यांच्या जीवनांत हे दोन्ही प्रश्न आले. ते प्रथम हद्दपार झाले, मग इतर हद्दपारांचे यजमान झाले, आणि म्हातारपणीं ह्याच गोष्टींत त्यांची कसोटी लागली.

रॉजर विल्यम्स यांचा जन्म इंग्लंडांत लंडन शहरीं १६०३ च्या सुमारास झाला. त्यांची हुशारी पाहून सर एडवर्ड कोक ह्या नामांकित कायदेपंडितानें त्यांच्या शिक्षणास साह्य केलें. केंब्रिज येथें विद्या संपादून ते पाळक झाले. १६२९ सालीं मेरी बर्नार्ड ह्या बाईशीं त्यांचा विवाह झाला. त्या काळीं इंग्लंडांत राजमान्य उपासनापद्धति सोडून चालणाऱ्यांचा छळ होई. म्हणून प्युरिटन पंथाचे पुष्कळ लोक समुद्र ओलांडून अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स नांवाच्या वसाहतींत जात होते. १६३१ च्या फेब्रुवारींत विल्यम्स पतिपत्नीहि तेथें पोंचलीं.

येथें वाचकांनीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. हे वसाहतवाले स्वतः छळापासून पळून आलेले होते. परंतु नव्या देशांत सत्ता हातीं येतांच त्यांनीं आपलेंच मत कायद्यानें सर्वांवर लादलें. मंडळीच्या सभासदांवांचून कोणास मताधिकार नव्हता, आणि उपासनेस न येणारास सरकार दंड करी. ज्यांनीं छळ सोसला ते छळ करणार नाहींत असें आपणांस वाटतें, पण तसें नेहमीं होत नाहीं.

विल्यम्स यांस हें पटेना. त्यांनीं तीन गोष्टी उघडपणें सांगितल्या. पहिली ही कीं, दहा आज्ञांपैकीं ज्या पहिल्या चार देव व मनुष्य यांच्यामधल्या आहेत, त्या मोडल्याबद्दल सरकारनें शिक्षा करूं नये. दुसरी ही कीं, ज्याच्या मनांत विश्वास नाहीं त्याच्याकडून देवाच्या नांवानें शपथ घेवविणें हें पाप आहे. तिसरी गोष्ट सर्वांत झोंबणारी होती. ही जमीन तेथील मूळ रहिवाशांची आहे. इंग्लंडच्या राजानें कागदावर ती दिली तरी ती त्याची नव्हतीच, तर त्यानें दिली कशी? ती मूळ मालकांपासून रीतसर घेतली पाहिजे, असें ते म्हणत.

विल्यम्स यांच्या स्वभावांत हट्ट होता हेंहि आम्ही लपवीत नाहीं. आपल्या मताशीं न जुळणाऱ्या मंडळ्यांशीं कांहीं संबंध ठेवूं नये असा त्यांचा आग्रह असे, आणि सेलम गांवची त्यांची स्वतःची मंडळी तो मानीना तेव्हां तिच्याबरोबरहि ते प्रभुभोजन घेईनात. तरी त्या मंडळीशीं जें घडलें तें वाचून दुःख होतें. सेलमच्या लोकांनीं जवळची कांहीं जमीन मागितली होती. वसाहतीची महासभा, जी कायदे करी व न्यायहि देई, तिनें ती मागणी अडकवून ठेवली. ह्या पाळकास सोडा, मग जमिनीचें पाहूं, असा त्याचा अर्थ होता. हळूहळू लोक मऊ पडले व पाळक एकटा राहिला.

१६३५ च्या आक्टोबरांत महासभेनें निकाल दिला. विल्यम्स यांनीं सहा आठवड्यांत वसाहतीची हद्द सोडावी, अशी त्यांस शिक्षा झाली. त्यांची प्रकृति ठीक नव्हती, आणि त्यांची पत्नी त्याच सुमारास बाळंत झाली होती. म्हणून वसंतऋतूपर्यंत राहण्याची सवलत मिळाली, परंतु त्यांनीं आपलीं मतें पसरवूं नयेत अशी अट होती. लोक त्यांच्या घरीं येत राहिले व ते बोलत राहिले. तेव्हां त्यांस धरून जहाजानें इंग्लंडास परत पाठवावें असें ठरलें. १६३६ च्या जानेवारींत शिपाई सेलमास आले, तों विल्यम्स तीन दिवसांपूर्वींच निघून गेले होते. त्यांस गुप्तपणें सावध करणारा मनुष्य वसाहतीचा माजी गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप हा होता. शिक्षा देणाऱ्या पक्षांतहि कधीं कधीं असा एखादा सांपडतो, ज्यास कायदा व दया ह्यांमधील अंतर कळतें.

त्या देशाचा हिवाळा आपल्या कल्पनेंत येण्याजोगा नाहीं. बर्फ गुडघ्याएवढें पडतें, नद्या गोठतात, व रानांत खावयास कांहीं मिळत नाहीं. अशा दिवसांत ते आजारी शरीरानें दक्षिणेकडे चालूं लागले. पुढें वृद्धपणींहि त्यांस त्या चौदा आठवड्यांची आठवण येई, ज्यांत धड भाकर नव्हती व अंथरूण नव्हतें.

मग त्यांस आसरा कोणीं दिला? त्यांच्या देशबांधवांनीं नव्हे, स्वधर्मीयांनींहि नव्हे. वॉम्पनोग नांवाच्या मूळ रहिवाशांचा सरदार मॅसासॉइट यानें त्यांस आपल्याकडे ठेवून घेतलें. ही ओळख एका दिवसाची नव्हती. पूर्वीं दोन वर्षें प्लिमथ ह्या शेजारच्या वसाहतींत राहत असतां विल्यम्स त्या लोकांच्या धुरानें भरलेल्या झोंपड्यांत जाऊन बसत, त्यांच्याबरोबर जेवत व त्यांची भाषा शिकत. दुसऱ्याच्या चुलीजवळ बसून शिकलेली ती भाषा संकटकाळीं त्यांस उपयोगीं पडली. आपले जे प्रचारकबंधु परक्या वस्तींत काम करितात त्यांनीं हें मनांत ठेवावें.

हिवाळा सरल्यावर त्यांनीं सीकांक नदीच्या पूर्व कांठीं घर बांधावयास घेतलें व पेरणीहि केली. इतक्यांत प्लिमथच्या गव्हर्नराचें पत्र आलें. पत्राची भाषा मित्राची होती, पण मजकूर असा होता कीं, ही जागा आमच्या हद्दींत येते व मॅसॅच्युसेट्सवाल्यांस दुखविणें आम्हांस नको. तरी आपण नदीपलीकडे जावें. म्हणजे हा मनुष्य अक्षरशः तडीपार झाला. पेरलेलें पीक सोडून ते पांच सोबत्यांसह होडींत बसले व पलीकडच्या कांठीं उतरले. तेथें नॅरगॅन्सेट लोकांचे सरदार वृद्ध कॅनॉनिकस व त्याचा पुतण्या मियान्टोनोमी यांनीं त्यांस राहावयास भूमि दिली. प्लिमथचा गव्हर्नर दुष्ट नव्हता. परंतु बलवान शेजाऱ्याच्या भयानें पाहुण्यास दारांतून परत लावणारे असे सौम्य लोक जगांत पुष्कळ आहेत, आणि हद्दपार मनुष्यास त्यांच्यापासूनहि फार दुःख होतें.

नव्या वस्तीस विल्यम्स यांनीं प्रॉव्हिडन्स, म्हणजे ईश्वरी तरतूद, असें नांव दिलें. त्यांची पत्नी दोन लहान मुलींस घेऊन तेथें आली. १६३८ सालीं जमिनीचें खत झालें. ती सर्व भूमि विल्यम्स स्वतःच्या नांवें ठेवूं शकले असते. परंतु त्यांनीं ती येणाऱ्या सोबत्यांस वांटून दिली. विवेकबुद्धीसाठीं ज्यांस कोठें थारा नाहीं अशा लोकांस येथें आसरा मिळावा, हा त्यांचा हेतु होता. रहिवाशांनीं करार केला कीं, गांवचा कारभार बहुमतानें चालेल, पण बहुमताची सत्ता व्यवहाराच्या गोष्टींपुरतीच राहील.

ह्या कराराची परीक्षा लौकरच झाली. १६३८ सालीं एका रहिवाशानें आपल्या पत्नीस उपासनेस जाण्यास मनाई केली. नवऱ्याचा हा हक्क आहे असें कित्येकांचें म्हणणें पडलें. परंतु गांवानें ठरविलें कीं, स्त्रीलाहि स्वतःची विवेकबुद्धि आहे. आणि जोंपर्यंत तो मनुष्य आपलें वर्तन बदलत नाहीं तोंपर्यंत त्याचा मताधिकार बंद केला. त्या काळीं असा निकाल फारच विरळा होता.

आतां दार ठोठावणारे दुसरे लोक येऊं लागले. बॉस्टन येथें अॅन हचिन्सन ह्या बाई घरीं सभा भरवून पाळकांच्या उपदेशाची चर्चा करीत, म्हणून १६३७ सालीं त्यांस हद्दपारीची शिक्षा झाली. त्या व त्यांचे सोबती १६३८ सालीं आले, तेव्हां विल्यम्स यांनीं मध्यस्थी करून नॅरगॅन्सेट सरदारांकडून त्यांस अॅक्विडनेक बेटावर जागा मिळवून दिली. पुढें ह्या सर्व वस्त्या मिळून ऱ्होड आयलंड ही वसाहत झाली. आजूबाजूच्या वसाहती तिला सर्व पाखंड्यांचें कोठार समजत.

ज्या वसाहतीनें घालवून दिलें तिच्याशीं विल्यम्स कसे वागले? १६३६ च्या शेवटीं पीक्वट लोक व इंग्रज यांच्यांत युद्ध पेटण्याचा रंग दिसला. पीक्वटांनीं नॅरगॅन्सेट लोकांशीं जूट केली असती तर इंग्रजांचा निभाव लागणें कठीण होतें. तेव्हां मॅसॅच्युसेट्सनें ज्यास घालविलें त्याच मनुष्याची मदत मागितली. विल्यम्स एकटे वादळांतून होडी हांकीत कॅनॉनिकसकडे गेले, तीन दिवस व तीन रात्री शत्रूच्या वकिलांमध्यें राहिले, आणि ती जूट त्यांनीं होऊं दिली नाहीं. ह्या उपकाराबद्दल शिक्षा रद्द करावी अशी गोष्ट निघाली, पण ती तशीच राहिली. शेवटीं त्या युद्धांत इंग्रजांनीं पीक्वटांचा जो भयंकर संहार केला तो मात्र ह्या मध्यस्थीची दुःखद बाजू आहे.

१६४३ सालीं वसाहतीसाठीं सनद मिळविण्यास विल्यम्स इंग्लंडास निघाले. बॉस्टन बंदर त्यांस बंद असल्यामुळें डच लोकांच्या बंदरांतून जहाज धरावें लागलें. प्रवासांत त्यांनीं नॅरगॅन्सेट लोकांच्या भाषेविषयीं पुस्तक लिहिलें. तें त्याच वर्षीं लंडनांत छापलें. त्यांत त्या लोकांच्या आतिथ्याची मोठी प्रशंसा आहे. १६४४ सालीं सनद मिळाली. त्याच वर्षीं, विवेकबुद्धीसाठीं छळ करणें हें ख्रिस्ताच्या शिकवणीविरुद्ध आहे, असें प्रतिपादन करणारा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. यहूदी, मुसलमान, मूर्तिपूजक, कोणावरहि धर्माबाबत जुलूम होऊं नये असें त्यांत होतें. पार्लमेंटानें तो ग्रंथ जाळण्याचा हुकूम केला. मूळ रहिवाशांस घाईघाईनें बाप्तिस्मा देऊन संख्या वाढविणेंहि त्यांस मान्य नव्हतें. मन बदलल्यावांचून नांव बदलण्यांत अर्थ नाहीं असें ते मानीत.

१६५६ पासून क्वेकर नांवाच्या पंथाचे लोक तेथें येऊं लागले. मॅसॅच्युसेट्सनें त्यांस फटके मारले, कान कापले व १६५८ सालीं असा कायदा केला कीं, हद्दपार झालेला क्वेकर परत आला तर त्यास फांशी द्यावी. मेरी डायर ह्या बाईंस त्या कायद्याखालीं १६६० सालीं बॉस्टन येथें फांशीं देण्यांत आलें. शेजारच्या वसाहतींनीं एकत्र होऊन १६५७ सालीं ऱ्होड आयलंडास लिहिलें कीं, तुमच्या येथील क्वेकरांस घालवून द्या. ऱ्होड आयलंड दुर्बळ होतें, तरी त्यानें नकार दिला. विल्यम्स यांस क्वेकरांचीं मतें मुळींच आवडत नसत. १६७२ सालीं, वयाच्या सत्तरीच्या घरांत, ते दिवसभर होडी वल्हवीत न्यूपोर्ट येथें गेले व तीन दिवस क्वेकरांशीं वाद करीत राहिले. त्यांचे शब्द कडक होते. परंतु त्यांस हद्दीबाहेर घाला असें त्यांनीं कधीं म्हटलें नाहीं. न्यूपोर्टांत यहूदी लोकांसहि राहावयास मिळालें. त्यांचें १७६३ सालचें सभास्थान अजून उभें आहे.

येथेंच चरित्र संपविलें असतें तर तें गोड झालें असतें. परंतु खरें सांगितलें पाहिजे. कॅनॉनिकस १६४७ सालीं वारला, आणि १६६१ च्या सुमारास मॅसासॉइटहि गेला. इंग्रजांची जमिनीची भूक वाढत होती. १६७५ सालीं मॅसासॉइटचा मुलगा मेटॅकॉम यानें युद्ध सुरू केलें. डिसेंबरांत इतर वसाहतींच्या सैन्यानें नॅरगॅन्सेट लोकांच्या किल्ल्यावर हल्ला करून शेंकडों लोक मारले. त्यांत बायका व मुलें होतीं. १६७६ च्या मार्चांत त्या लोकांनीं प्रॉव्हिडन्स जाळलें. विल्यम्स यांचेंहि घर जळालें. त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्सनें त्यांस कळविलें कीं, युद्ध आहे तोंवर आमच्याकडे येऊन राहावें, मात्र आपलीं मतें पसरवूं नयेत. चाळीस वर्षांनंतरहि अट तीच होती. ते गेले नाहींत.

युद्ध संपल्यावर पकडलेल्या लोकांचें काय करावें हा प्रश्न आला. प्रॉव्हिडन्सनें पांच जणांची कमिटी नेमली. विल्यम्स तींत होते. कमिटीनें त्या लोकांस ठराविक मुदतीच्या चाकरीवर विकलें व पैसा गांवकऱ्यांत वांटला. पांच वर्षांखालील मुलांनीं तीस वर्षांचें होईपर्यंत चाकरी करावी असें ठरलें. दुसऱ्या वसाहतींनीं तर पुष्कळांस जन्माचे गुलाम करून समुद्रापार पाठविलें. मेटॅकॉमच्या लहान मुलासहि प्लिमथवाल्यांनीं विकलें. ज्या मॅसासॉइटानें हिंवाळ्यांत एका हद्दपार पाळकास जवळ घेतलें, त्याचा तो नातू होता.

हें लिहितांना आमची लेखणी जड होते. विल्यम्स यांच्या कमिटीनें मुदत घातली, जन्माची गुलामगिरी लादली नाहीं, एवढें त्यांच्या बाजूनें म्हणतां येईल. परंतु ज्यांच्या अन्नावर ते जगले त्यांचीं मुलें विकली गेलीं, आणि त्या व्यवहारांत त्यांचा हात होता, हें पुसतां येत नाहीं. घर जळालें, भय वाटलें, शेजारी सर्व एकच बोलत होते. अशा वेळीं मनुष्य स्वतःचेंच शिक्षण विसरतो. त्यांनीं पन्नास वर्षें जें शिकविलें तें खोटें ठरत नाहीं. उलट त्याच शिकवणीनें आपण त्यांचा दोष ओळखतों.

१६८३ च्या आरंभीं विल्यम्स वारले. ज्या वसाहतीनें त्यांस हद्दपार केलें तिच्या कायदेमंडळानें तो हुकूम १९३६ सालीं, म्हणजे तीनशें वर्षांनीं, रद्द केला. छळाच्या भयानें दुसऱ्या देशांत आसरा मागण्याचा हक्क सर्व मनुष्यांस आहे, असें संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यांत नमूद झालें आहे. आपल्या महाराष्ट्रांतहि कोणास वाळीत टाकणें हा २०१६ च्या कायद्यानें अपराध ठरला आहे. परंतु कायदा दार उघडूं शकत नाहीं. तें घरच्या मनुष्यालाच उघडावें लागतें.

प्रिय वाचकहो, आपल्यापैकीं कित्येकांच्या आजोबांस विश्वासासाठीं विहीर बंद झाली, गांव सोडावें लागलें, आणि कोणीतरी, कदाचित् परजातीच्या कोणी, ओसरीवर जागा दिली. ती ओसरी कोणाची होती हें आपण मुलांस सांगतों काय? आणि आज जो आपल्या मंडळीशीं जुळत नाहीं, ज्याचें मत आपणांस आवडत नाहीं, तो दाराशीं आला तर आपण प्लिमथच्या गव्हर्नरासारखें गोड पत्र लिहितों, कीं मॅसासॉइटासारखें चुलीजवळ बसवितों? विल्यम्स यांचें चांगलें अनुकरण करावें, आणि त्यांच्या चुकीपासून सावध राहावें. ज्या घरानें आपणांस संकटांत घेतलें त्या घराचीं मुलें आपल्या दारीं येतील, तेव्हां तें ऋण आपण फेडावें.